वासाच्या शाईची चिठ्ठी

संदेश मास्तर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, असं कातळवाडीत सगळे म्हणायचे. त्यात अडचण एवढीच होती, की त्या नाकाला वास येत नव्हता. कोरोनाच्या साथीत वाडीतल्या निम्म्या लोकांचा वास गेला आणि महिन्याभरात परत आला. मास्तरांचा मात्र मुंबईला गेलेल्या चाकरमान्यासारखा येतो येतो म्हणत तिकडेच राहिला. भात करपला तरी त्यांना तो बायकोच्या ओरडण्यावरून कळायचा, आणि परसातली सुरंगी फुलली की मधमाशा बघून ते म्हणायचे, आली वाटतं बहराला.

मास्तर रत्नागिरी शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. वाडीतली म्हातारी माणसं त्यांना मास्तर म्हणत आणि पोरं सर म्हणत. त्यांना एकच व्यसन होतं, शाईच्या पेनांचं. दारू नाही, तंबाखू नाही, पण कपाटात पेनांची अशी रांग लागलेली, की पाहुण्याला वाटावं इथे दवाखाना आहे. पेपर तपासायला लाल शाई आणि अक्षर असं देखणं, की नापास मुलाची आईसुद्धा पेपर हातात घेऊन म्हणायची, काय सुंदर लिहिलंय हो 'अभ्यास कर'.

तर शिमग्याच्या आधी मास्तरांच्या मुलीनं, सानवीनं, पुण्याहून कुरिअरनं एक खोका पाठवला. आत जाड काचेची चौकोनी बाटली, तीत लालभडक शाई आणि लेबलावर गुलाब. फोनवर तिनं सांगितलं, की बाबा, ही वासाची शाई आहे. रोज सकाळी झाकण उघडून पाच मिनिटं हुंगायची. गेलेला वास अशा सवयीनं परत येतो, असं तिनं कुठेसं वाचलं होतं. म्हणजे औषध ते औषध आणि बाबांची हौस ती हौस, असा लेकीचा दुहेरी हिशोब.

मास्तरांनी झाकण फिरवलं तर ते हलेना. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पुष्कळ जोर केला आणि शेवटी बाटली घेऊन मागच्या पडवीत बायकोकडे गेले. तेजस्वी बांगडे साफ करत बसली होती. तिनं त्याच हातानं एका झटक्यात झाकण काढून दिलं, बाटलीच्या तोंडाला लागलेला शाईचा थेंब बोटानं पुसून आत सोडला आणि पुन्हा कामाला लागली. मास्तरांनी बाटली नाकाशी धरली. काही नाही. पाण्याला जसा वास नसतो तसा तिलाही नव्हता. मग त्यांनी ती बायकोच्या नाकाशी नेली आणि गुलाबाचा वास येतो का, असं विचारलं.

"मला बांगड्याचा येतोय," तेजस्वी म्हणाली. "तुम्हाला तोही येत नसेल तर सुखी आहात."

मास्तरांनी मनाशी निर्णय दिला, की वास वगैरे सगळी लेबलावरची थाप आहे, पोरगी फसली. ते बाटली घेऊन पुढे आले तेव्हा ओटीवर बसलेल्या त्यांच्या आईनं, यमुनाबाईंनी, मान वर केली. कोण गुलाबपाणी शिंपडतंय, कुणाचं लगीन आहे, असं तिनं विचारलं. कुणाचं नाही, असं सांगून मास्तर टेबलाशी बसले. आईचं वय झालं, असं त्यांच्या मनात आलं. आपलं नाक गेलेलं असताना दुसऱ्याच्या नाकावर शंका घ्यायची, ही माणसाची जुनीच खोड आहे.

आता त्या टेबलावर काय होतं ते सांगायला हवं. शिमग्याला ग्रामदेवी नवलाईची पालखी वाडीत घरोघर फिरते, ओटी घेते, नारळ घेते आणि पुढे जाते. पण एका घरी ती वस्तीला राहते. त्या घरच्या अंगणात देवी रात्रभर बसते आणि सकाळी त्याच घरची पहिली आरती घेऊन उठते. ह्या वस्तीच्या मानावरून पूर्वी वाडीत इतकी भांडणं झाली, की एका वर्षी पालखी बिचारी वाटेवरच रात्रभर तिष्ठत राहिली. तेव्हापासून ज्यांना वस्ती हवी त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या देवीपुढे टाकायच्या, असं ठरलं. पहिल्या वर्षी त्या कुंकवाच्या पाण्यानं लिहिल्या गेल्या, म्हणून पुढे लालच शाई चालत आली. आणि अक्षर मास्तरांचं, सचोटीही मास्तरांची, म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे. त्यांचं स्वतःचं नाव असलं तरी लिहायचे तेच. कुणाच्या मनातसुद्धा कधी पाल चुकचुकली नव्हती.

ह्या वर्षी नावं दोनच होती. एक मास्तरांचं आणि दुसरं त्यांचे शेजारी शिवा मयेकर यांचं.

यमुनाबाईंच्या अंगणात पालखी वस्तीला आली होती ती त्यांचा नवरा धाकू असताना, संदेश पाळण्यात होता तेव्हा. त्यानंतर दर शिमग्याला ती मुलाला विचारायची, ह्या वर्षी येईल का रे. चिठ्ठी काही निघायची नाही. ह्या वर्षी तिनं विचारलंच नाही आणि मास्तरांना ते फार लागलं.

शिवालाही कारण होतं. त्याचा मुलगा दर्शन बोटीवर नोकरीला. कित्येक शिमगे त्यानं कुठल्या कुठल्या समुद्रात काढले होते आणि ह्या वर्षी तो घरी होता. शिवानं आणि दर्शननं मिळून अंगणातल्या नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकवर शेणानं सारवलं होतं, का तर देवी सारवलेल्या जागेवरच बसते.

शिवा आणि मास्तर एकमेकांशी बोलत नव्हते. कारण फणस. फणसाचं खोड मास्तरांच्या आवारात आणि फांद्या शिवाच्या आवारात. एका वर्षी त्यातला एक चांगला घमेल्याएवढा फणस शिवाच्या नव्या स्कूटरच्या सीटवर पडला. फणस कुणाचा आणि सीट कुणी भरून द्यायची, ह्यावर दोघांनी मिळून इतका विचार केला, की शेवटी शिवानं मधला चिऱ्यांचा गडगा आणखी दोन थर उंच केला आणि तोंड बंद केलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं दळणवळण तेजस्वी आणि शिवाची बायको तुळसा ह्या दोघींमार्फत चालायचं. त्या दोघी फणसाची भाजीसुद्धा एकत्रच करायच्या.

मास्तरांनी चिठ्ठ्यांसाठी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानाचे सारखे तुकडे कापून ठेवले होते. पेनात नवी शाई भरली आणि तपासून बघायला हाताशी आलेल्या पहिल्याच तुकड्यावर त्यांनी लिहिलं, 'संदेश धाकू पिलणकर'. नवं पेन असो, नवी शाई असो, माणूस पहिलं लिहितो ते स्वतःचं नाव. शाई तपासायला शेजाऱ्याचं नाव लिहिणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आणि काय उतरलं ते नाव. काना सरळ, मात्रेला ऐट, आणि जिथे निब जरा टेकलं तिथे रंग पिकल्या आंब्याच्या गालासारखा गडद. मास्तरांनी चिठ्ठी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि त्यांना ती टाकवेना. चिठ्ठी तर लिहायचीच होती, मग ही काय वाईट, असं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. दुसऱ्या तुकड्यावर शिवाचं नाव घातलं तर पेन पहिल्याच अक्षरावर अडलं. झटकलं, धुतलं, पुसलं, पण निबातून शाई उतरेना. वासाच्या शाया निबात बसतात, हे त्यांना पुढे कळलं. शेवटी त्यांनी पेपर तपासायचं लाल रिफिलचं पेन घेतलं आणि नव्या तुकड्यावर शिवाचं नाव नीट लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या लाल, दोन्हींच्या घड्या सारख्या. मास्तरांच्या मनाला टाचणीएवढंसुद्धा काही टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळी वाडी जमली. चिठ्ठी काढायचा मान माहेरवाशिणीचा असतो, कारण लग्न होऊन गेलेली मुलगी सगळ्या वाडीची असते आणि कुठल्याच घरची नसते. त्यातली सगळ्यांत जुनी माहेरवाशीण म्हणजे गंगुबाई. गुहागरला दिलेली, पण शिमगा तिनं कधी चुकवला नव्हता. डोळे आता अधू झाले होते, पण सासरी तिची ख्याती होती ती आंब्याच्या अढीवरून. गवतात पिकायला घातलेल्या आंब्यांच्या ढिगाशी गंगुबाई वाकायची, नाकानं नुसता एक श्वास ओढायची आणि हात घालून नेमका पिकलेला आंबा काढायची. तिच्या हाताला कधी कच्चा लागला नाही, असं गुहागरातले लोक शपथेवर सांगत.

रघू गुरवानं गाऱ्हाणं घातलं. बाय नवलाय, जो तुझा खरा, त्याच्या अंगणात तू बैस. सगळे म्हणाले, होय महाराजा. दोन्ही चिठ्ठ्या तांब्यात टाकून तांब्या गंगुबाईसमोर आला. आयुष्यभराची सवय, ती कुठे जाते? गंगुबाई तांब्यावर वाकली, नाकानं श्वास ओढला आणि मग हात घातला.

रघूनं चिठ्ठी उघडून वाचली, "संदेश धाकू पिलणकर."

ढोल वाजणार तेवढ्यात गंगुबाईनं रघूचा हात धरला. "थांब रे. ह्या चिठ्ठीला फुलांचा वास येतोय."

रघूनं हुंगलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. चिठ्ठी ह्या नाकावरून त्या नाकावर निघाली. कुणी म्हणालं गुलाब, कुणी म्हणालं चाफा, कुणाला तर देवीच्या गाभाऱ्यातल्या अष्टगंधाचा आला. दुसरी चिठ्ठी हुंगली तर तिला नुसता कागदाचा वास. मग काय विचारता. बायकांनी कानशिलावर बोटं मोडली, एकानं फोनवर चित्रफीत काढून मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा. देवीनं स्वतःच्या हातानं चिठ्ठीला फूल लावलं, एवढंच मग सगळ्यांच्या तोंडी झालं.

फिरत फिरत चिठ्ठी मास्तरांच्या हातात आली. त्यांनी नाकाशी धरली. काही नाही. एवढ्या देवभोळ्या गर्दीत आपण एकटेच नास्तिक असल्यासारखं त्यांना झालं, आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे ती चौकोनी बाटली आली. लेबलावरचा गुलाब आला. ओटीवरून आईनं विचारलेलं गुलाबपाणी आलं. बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच ढोल सुरू झाला.

शेवटी चिठ्ठी शिवापाशी पोचली. शिवानं ती पुष्कळ वेळ नाकाशी धरली, कपाळाला आठ्या घालून पुन्हा हुंगली आणि मग घडी घालून रघूला दिली. देवीची मर्जी, असं आभाळाकडे बघून म्हणाला आणि दर्शनला घेऊन चालू लागला. मास्तरांकडे त्यानं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

घरी यमुनाबाईंना बातमी आधीच कळली होती. तिनं ट्रंकेतून धाकूच्या वेळची समई काढून घेतली होती आणि तेजस्वीला चिंच आणायला सांगून ती स्वतः घासायला बसली होती. वर्षानुवर्षं एका जागी बसून असलेली बाई आज अंगणातल्या कोपऱ्या कोपऱ्याला नावं ठेवत होती. तिचं ते तोंड बघून मास्तरांनी खराटा उचलला आणि ती दाखवेल तो कोपरा झाडायला घेतला.

रघूनं चिठ्ठी मास्तरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला धाडली होती, ती बघायला संध्याकाळपर्यंत लोकांची रीघ लागली. एका बाईनं दहावीतल्या मुलाचं हॉल तिकीट चिठ्ठीला टेकवून नेलं. मास्तरांनी बायकोला आत बोलावून बाटली हुंगायला दिली. तेजस्वीनं हुंगली, खाटेवर बसली आणि अग आई गं म्हणाली. मग थोडा विचार करून तिनं नवऱ्याला सांगितलं, की देवीनं दिलंय ते मुकाट घ्या, नसतं शहाणपण नको.

मास्तर रघू गुरवाकडे गेले. सगळं सांगितलं. शाई वासाची आहे, चमत्कार बिमत्कार काही नाही. रघूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की शाई कुणी पाठवलान. सानवीनं. मग सानवीला ती बुद्धी कुणी दिलान? हे मास्तरांच्या भूगोलात नव्हतं.

तिथून ते गंगुबाईच्या भावाच्या घरी गेले. त्यांना एकच आशा होती, की चिठ्ठी तिनं डोळे मिटून, हाताला लागेल ती काढली असेल. वास होता तर होता, पण निवड नशिबाची होती, असं निघालं तर मनाला समाधान. गंगुबाई आमसुलाचं सार पीत होती. तिनं प्रश्न ऐकला आणि तिला रागच आला.

"हाताला लागेल ती? मी काय आज अढीत हात घालतेय? नाकानं काढली. हातानं काढला तर कच्चा येतो."

संपलं. देवीनं निवडलं नव्हतं, नशिबानंही नव्हतं. सानवीच्या शाईनं निवडलं होतं. एरवी त्या तांब्यात शिवाला निम्मी संधी होती, ती मास्तरांनी स्वतःचं नाव डौलदार आलं म्हणून खाऊन टाकली होती.

घरी येताना वाटेत शिवाचं अंगण लागलं. सारवलेल्या पेव्हर ब्लॉकवर तुळसा खराटा घेऊन उभी होती आणि दर्शन खुर्च्या उचलून आत नेत होता. मास्तर गडग्याच्या सावलीतून चोरासारखे घरी आले आणि थेट आईसमोर जाऊन बसले. समई आता आरशासारखी झाली होती. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, पार बांगड्यापासून.

यमुनाबाईनं समई मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "मी म्हटलंच होतं गुलाबपाणी. माझं कोण ऐकतंय ह्या घरात."

मास्तरांनी मान हलवली.

"तुझ्या बापाच्या वेळी पालखी आली ती सरळ आली. आता शिवाच्या दारावरनं वळून वाकडी येणार असंल तर मला नको. जा, सांग सगळ्यांना." एवढं बोलून तिनं समई फडक्यात गुंडाळायला घेतली. गुंडाळलेली ती पुन्हा उघडून बघितली आणि परत गुंडाळली. ते का, हे कळायला नाक लागत नाही.

सकाळी पालखी निघायच्या आधी मास्तर बाटली घेऊन देवळापुढे उभे राहिले. सगळ्यांदेखत त्यांनी झाकण काढलं आणि ज्याला त्याला हुंगायला दिलं. कालचा चमत्कार असा बाटलीतून बाहेर आलेला कुणालाच आवडला नाही. चित्रफीत मुंबईला पाठवणारा तर इतका चिडला, की जणू मास्तरांनी त्याच्या घरात घुसून काही फोडलं. एकानं विचारलं, की मग आमच्या मुलाच्या हॉल तिकिटाचं काय. मास्तर सगळ्यांना एकच सांगत राहिले, की चूक माझी आहे, चिठ्ठ्या पुन्हा टाका. गर्दीच्या मागे शिवा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

रघूनं गावकऱ्यांशी कुजबुज केली आणि पुन्हा टाकायचं ठरलं. पण दोन्ही नावं एकाच शाईनं, ही मास्तरांची अट. पेन अडलेलं होतं, म्हणून रघूनं देवीपुढच्या दूर्वांतली एक जाड काडी दिली. मास्तरांनी ती शाईत बुडवली. शाई काडीवरून कशी उतरते ते बघायला पहिलं नाव काय लिहावं, म्हणून हात क्षणभर अडला आणि मग त्यांनी लिहिलं, 'शिवा महादू मयेकर'. अक्षर पार ओबडधोबड आलं. मग स्वतःचं लिहिलं, तेही तसंच. दोन्ही सुकवल्या, दोन्हींच्या घड्या घातल्या, दोन्ही तांब्यात.

होय महाराजा झालं. गंगुबाई तांब्यावर वाकली. श्वास ओढला. डोकं उचललं, पुन्हा वाकली, पुन्हा ओढला. सगळी वाडी तिच्या नाकाकडे बघत होती. मग तिनं हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. मुठीत दोन्ही चिठ्ठ्या.

रघू म्हणाला, की आते, एकच काढायची.

"दोन्ही पिकलेत," गंगुबाई म्हणाली. "पिकलेला अढीत ठेवायचा नाय. नासतो, नि बाजूच्यालाही नासवतो."

सत्तर वर्षं आंबे काढलेल्या बाईला आंब्यातलं कोण शिकवणार? एकानं कुरकुर केली, की हे कायद्यात बसत नाही. पण कायदा असा होता, की माहेरवाशिणीच्या हाताला येईल ते देवीचं, आणि तिच्या हाताला दोन आल्या होत्या. आता पालखी एक आणि अंगणं दोन. अर्धी रात्र इथे, अर्धी तिथे करायची सोय नव्हती, कारण बसलेली देवी सकाळशिवाय उठत नाही. रघूनं बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग सांगितलं, की दोन्ही अंगणांच्या मध्ये बसवायची.

दोन्ही अंगणांच्या मध्ये गडगा होता.

दुपारी मास्तर पहार घेऊन आपल्या बाजूनं आणि शिवा पहार घेऊन आपल्या बाजूनं उभे राहिले. खालचे थर धाकूच्या आणि महादूच्या काळचे, दोघांचे मिळून. ते काढायला हरकत कुणाचीच नव्हती. पण त्यांच्यावर ते नवे दोन थर होते आणि ते फक्त शिवाचे होते. मास्तर त्यांना हात लावेनात. शिवाही लावेना. दोघे आपापल्या पहारीवर टेकून फणसाकडे बघत राहिले. शेवटी तुळसा माजघरातून म्हणाली, की देवी यायची वेळ झाली, तुमचं ध्यान कधी संपायचं. तेव्हा शिवानं पहार ठेवली, वरचा चिरा दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा उचलला. तिसरा जड होता, त्याला मास्तरांनी पलीकडून हात लावला.

ऊन उतरता उतरता पालखी आली. खांदेकऱ्यांनी ती नाचवत आणली आणि गडग्याच्या भगदाडात, फणसाखाली, दोन पाय इकडे नि दोन पाय तिकडे करून टेकवली. तेजस्वीनं आणि तुळसानं मधली जागा तेवढ्यात सारवून घेतली होती. फणसाला मुठीएवढ्या कोवळ्या फणसांच्या कुयऱ्या लागल्या होत्या, त्यातली एक देवीच्या छत्रीला टेकत होती आणि ती काढायचं धाडस कुणीच केलं नाही, कारण फणस कुणाचा हा प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

यमुनाबाईला खुर्चीवर बसवून आणलं. चकचकीत समई तिनं मांडीवर धरली होती. ती पेटवून देवीपुढे ठेवली, ओटी भरली आणि मग पदर डोळ्यांना लावून ती रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. मास्तर बाजूलाच उभे होते. त्यांना इतकं बरं वाटलं, की तेही रडले, आणि नाक गळायला लागल्यावर त्यांना कळलं की ह्या नाकाला एवढं तरी काम आहे. पलीकडे दर्शन आईबापांच्या मध्ये हात जोडून उभा होता.

आरती झाली. लोक चिवडा-चहाकडे वळले. मास्तरांच्या खिशात ती बाटली अजून होती. दोन दिवस सगळ्या वाडीनं तिचा वास घेतला होता. कुणी गुलाब म्हणालं, कुणी चाफा, कुणी चमत्कार, कुणी फसवणूक. ज्याची शाई त्याला मात्र तो वास माहीतच नव्हता आणि कुणाचं खरं मानावं हेही कळत नव्हतं. भगदाडाच्या पलीकडच्या बाजूला शिवा एका चिऱ्यावर बसला होता. मास्तर ह्या बाजूच्या चिऱ्यावर बसले. मग त्यांनी बाटली काढून झाकण उघडलं आणि शिवापुढे धरली.

"शिवादादा, मला काय कळत नाय. तू सांग. नक्की कसला वास येतो ह्याला?"

शिवानं बाटलीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग बाटली घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. कपाळाला आठ्या घालून पुन्हा हुंगली.

"पहिला येतो गुलाबाचा," शिवा म्हणाला. "मागनं बांगड्याचा."